रुग्णालयातील हिंसा (महाड–पोलादपूर)

आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांना कामावर असताना होणारी मारहाण, शिवीगाळ, धमक्या, लैंगिक छळ, तसेच रुग्णालयाची तोडफोड.

पार्श्वभूमी : दक्षिण रायगडमधील महाड व पोलादपूर तालुक्यांतून मुंबई–गोवा महामार्ग जातो. कशेडी आणि आंबेनळी घाटांच्या परिसरातील अपघातग्रस्तांसाठी येथील सरकारी रुग्णालये जवळची. अलिबागचे जिल्हा रुग्णालय पोलादपूरहून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. रात्रपाळीला मोजकीच माणसे, दारात नातेवाइकांचा घोळका आणि जखमीला रक्तस्राव थांबवून, सलाइन लावून मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची तयारी, अशा वेळी ‘पुढे न्या’ हे शब्द नातेवाइकांना नकारासारखे ऐकू येतात. खाटा, तज्ज्ञ आणि रुग्णवाहिका यांचा तुटवडा शासकीय नियोजनातला. त्याचा राग मात्र ड्युटीवरच्या डॉक्टरवर किंवा सिस्टरवर निघतो. हा अन्याय आहे.

कायदा : महाराष्ट्राच्या २०१० च्या अधिनियमानुसार सरकारी वा खाजगी रुग्णालयातील असा हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड आणि मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई अशी तरतूद आहे. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्याने ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते; दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या दवाखान्यातील महिलेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

कर्मचाऱ्यांचा प्रतिसाद : काळ्या फिती लावून काम करणे, तहसीलदार वा प्रांताधिकाऱ्यांना निवेदन देणे, तातडीची सेवा चालू ठेवून बाह्यरुग्ण विभाग बंद ठेवणे हे राज्यभर रूढ झालेले मार्ग आहेत. मार्च २०१७ मध्ये धुळ्यातील निवासी डॉक्टरवरील हल्ल्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण उच्च न्यायालयात पोचले आणि शासनाने रुग्णालयांसाठी ११०० सुरक्षारक्षकांचे आश्वासन दिले.

त्याआधीचे मोठे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील सफाई कामगाराने त्यांच्यावर लैंगिक हल्ला केला. परिचारिकांनी संप केला. पुढे १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे अरुणा यांच्या मृत्यूपर्यंत, त्यांची शुश्रूषाही केली. लैंगिक अत्याचाराचा आरोप मात्र खटल्यात आलाच नाही. चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढ्यावरच आरोपीला ७ वर्षांची शिक्षा झाली.

महत्त्व : जे कागदावर येत नाही, त्याची शिक्षाही होत नाही. लहान तालुक्यात हल्लेखोर आणि कर्मचारी एकमेकांच्या ओळखीचे निघू शकतात. तेव्हा ‘मिटवून टाका’ असा दबाव एकट्या सिस्टरला पेलत नाही. म्हणून घटना घडताच जखमांची वैद्यकीय नोंद, सीसीटीव्हीचे चित्रण जपणे आणि साक्षीदारांची नावे लिहून ठेवणे आवश्यक असते. आणि फिर्याद रुग्णालयाच्या प्रमुखाने संस्थेच्या नावाने द्यावी. तसे झाले तर तडजोडीचा भार मार खाल्लेल्या माणसावर पडत नाही.