गुंडेवार आयोग

मुंबईतील घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या गोळीबाराची चौकशी करणारा न्यायालयीन आयोग. ११ जुलै १९९७ रोजी पहाटे वस्तीतील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त रहिवासी पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात १० जण ठार झाले. या गोळीबाराने व्यथित होऊन चार दिवसांनी लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली.

आयोगाचे काम न्या. एस. डी. गुंडेवार यांच्याकडे होते. जमाव गॅसचे टँकर पेटवून देणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, हा पोलिसांचा मुख्य बचाव. आयोगाने तो फेटाळला, गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि तुकडीच्या प्रमुख उपनिरीक्षकावर ठपका ठेवला.

१९५२च्या चौकशी आयोग कायद्यानुसार आयोग साक्षीदारांना बोलावू शकतो, कागदपत्रे मागवू शकतो. शिक्षा मात्र देऊ शकत नाही. अहवालाचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. सरकारी गोळीबाराच्या चौकशीसाठी आयोग नेमायचा की नाही, हेही बहुधा सरकारच ठरवते, आणि खरी मेख तिथेच आहे. रमाबाई नगर प्रकरणात सत्र न्यायालयाने त्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली ती २००९ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळपास १२ वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला.