आटलेल्या पाण्याची वाट

शाळेच्या कार्यशाळेत लोखंडावरचा गंज घासायला आपण एमरी कागद वापरतो. एमरी म्हणजे कुरुंद आणि लोहखनिजे यांचा काळपट, कठीण दगड. ग्रीसमधील नाक्सोस बेट या दगडासाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. आम्हा भूरसायनशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र हे बेट आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटते. खोलवर तापलेल्या खडकांतून पाणी कोणत्या वाटेने गेले, हे तेथे मोजता आले.

प्रश्न असा होता. चिखलाचे थर खोल गाडले जाऊन तापले, की मातीच्या खनिजांत बांधलेले पाणी सुटे होते आणि शिस्ट हा रूपांतरित खडक तयार होतो. चुनखडकाचा संगमरवर होतो. सुटलेले पाणी पुढे निघून जाते; आपल्या हाती उरतो कोरडा खडक. मग ते पाणी सगळ्या थरांतून सारखेच झिरपले, की काही थरांना वळसा घालून गेले? पाणी आपल्याबरोबर उष्णता आणि विरघळलेले धातू नेते. म्हणून खनिजांच्या शिरा कोठे तयार होतात, हे समजायलाही त्याची वाट ठाऊक हवी.

याची किल्ली ऑक्सिजनच्या अणूंत होती. निसर्गातील दर दहा हजार ऑक्सिजन अणूंपैकी सुमारे वीस अणू ऑक्सिजन-१८ चे असतात. बाकीचे बहुतेक ऑक्सिजन-१६ चे. दोन्ही स्थिर आहेत, म्हणजे काळाच्या ओघात त्यांचा ऱ्हास होत नाही. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या गणितातून दिसले, की पाणी आणि खनिज यांच्यात या समस्थानिकांची वाटणी थोडी असमान होते आणि ती तापमानावर अवलंबून असते. त्याच सुमारास आल्फ्रेड नीअर यांनी मास स्पेक्ट्रोमीटर सुधारला आणि असे सूक्ष्म फरक मोजणे शक्य झाले.

१९७१ साली ह्यू टेलर आणि रिचर्ड फॉरेस्टर यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील अग्निजन्य खडक तपासले. त्यांत ऑक्सिजन-१८ अनपेक्षितपणे कमी निघाले. पावसाच्या पाण्यात ते कमी असते. तेव्हा पावसाचे पाणी जमिनीत मुरून, तप्त शिलारसाच्या आसपास खेळून खडकांना आपली खूण देऊन गेले होते.

हीच युक्ती नाक्सोसला कामी आली. सागरी चुनखडकात ऑक्सिजन-१८ समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण हजारी पंचवीस ते तीसने जास्त असते. शिस्टमध्ये ते बरेच कमी. म्हणजे शिस्टमधून आलेले भरपूर पाणी संगमरवरातून गेले असते, तर संगमरवराचा आकडा खाली यायला हवा. १९७६ साली राय, स्खाउलिंग आणि सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा बेटाच्या अधिक तापलेल्या गाभ्याकडे जाताना शिस्टचे आकडे घसरत गेलेले दिसले. शेजारच्या जाड संगमरवराने मात्र आपले मूळचे आकडे बव्हंशी टिकवले होते. पाण्याने शिस्टची वाट धरली होती. संगमरवर बांधासारखा आडवा उभा होता.

पुढे बिकल आणि बेकर यांनी १९९० साली दोन खडकांच्या सीमेवरील बदल बारकाईने मोजला. येथे दोन क्रिया एकत्र घडतात. नुसते विसरण झाले, तर सीमेवरची तीव्र पायरी दोन्ही बाजूंना पसरून उतार होतो. पाणी वाहिले, तर ती पायरी प्रवाहाच्या दिशेने सरकते. पायरी किती सरकली आणि किती पसरली, यावरून सीमा ओलांडून किती पाणी गेले याचा हिशेब मांडता येतो. मोजलेला आकडा न बदलणे हासुद्धा पुरावा ठरतो, हे नाक्सोसने शिकवले.

वर्गात हे शिकवताना एक प्रश्न जरूर विचारावा: दोन्ही थरांचे आकडे सुरुवातीला सारखेच असते तर? मुलांनी थोडा विचार केला, तर ती सांगतील, की मग पाणी गेले काय आणि न गेले काय, खूण उमटलीच नसती. म्हणून ही पद्धत वापरताना आम्ही आधी शोधतो ती वेगवेगळ्या स्वभावाच्या दोन खडकांची सीमा.