वऱ्हाडची तार आणि घरांतला सिग्नल



मोबाईल हातांत आहे, गच्चीवर उभें राहिलें तर बोलणें स्पष्ट ऐकूं येतें, आणि आंतल्या खोलींत पाऊल टाकतांच शब्द तुटूं लागतात, हा अनुभव अमरावती-अकोल्याच्या कुटुंबांना नवा नाहीं. मग कोणी स्नेही सुचवितो कीं, सिग्नल वाढविणारें यंत्र, म्हणजे ‘बूस्टर’, घरीं बसवावें. पैसे खर्चून तें बसवितात. तरी फोन त्याला कांहीं केल्या जोडला जात नाहीं, ही तक्रार उरतेच. दिसावयास हा एक लहानसा गृहप्रश्न आहे. परंतु त्याच्या पोटांत पावणेदोनशें वर्षांचा इतिहास सांठलेला आहे. आज त्याचाच थोडा विचार करूं.

हिंदुस्थानांत तारेची पहिली ओळ डॉ. ओ’शॉनेसी यांनीं १८५१ सालीं कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान सुरू केली, आणि १८५५ मध्यें तार सर्व लोकांस खुली झाली. याच सुमारास, १८५३ च्या तहानें, वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला होता. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें; लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि साऱ्यांची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ सालीं आगगाडी शेगांव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या वाटेनें नागपुरास पोंचली. मुख्य मार्गानें अमरावती चुकविली होती. म्हणून १८७१ मध्यें बडनेऱ्याहून तिला फांटा जोडावा लागला. त्याच्या आदल्याच वर्षीं खामगांवचा फांटा सुरू झाला, आणि त्याच वर्षीं मुंबईचा विलायतेशीं समुद्रतारेनें संबंध जुळला. लिव्हरपूलचा भाव खामगांवच्या कापूसबाजारांत आगबोटीच्या आधीं पोंचूं लागला! येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. रूळ आणि तार कापसाच्या मागोमाग गेलीं. उत्तरेकडील सातपुड्याचे डोंगर त्या मार्गाच्या बाहेरच राहिले.

आतां तारेंतली अडचण पहा. विजेचा प्रवाह लांब जातां जातां क्षीण होतो. त्यावर ‘रिले’ची युक्ति निघाली: थकलेल्या प्रवाहानें केवळ एक कळ हलवावी, आणि पुढच्या तारेंत ताज्या विद्युद्घटांचा नवा प्रवाह सोडावा. डाकेचा घोडा जसा टप्प्यावर बदलावा, तसेंच हें. टेलिफोनमध्यें मात्र नुसता टकटकाट नसून मनुष्याचा आवाज असतो. तो कळीनें पुढें ढकलतां येत नाहीं, वाढवावाच लागतो. निर्वात नळीच्या साहाय्यानें तें साधलें, आणि १९१५ सालीं न्यूयॉर्कचें बोलणें सॅन फ्रॅन्सिस्कोस ऐकूं गेलें. पण दोन्ही दिशांचा आवाज वाढवूं जातां एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूंत शिरून यंत्र आपणच शीळ घालूं लागे. सभेंत ध्वनिक्षेपकासमोर मायक्रोफोन धरल्यावर जी किंकाळी उठते, तीच ही व्याधि. शंभर वर्षें लोटलीं, तरी घरगुती बूस्टरला तीच जडलेली आहे.

बिनतारी लहरी भिंत ओलांडतात, हें जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ मध्यें कलकत्त्यास घंटा वाजवून दाखविलें होतें. परंतु ओलांडतांना त्या दुबळ्या होतात, आणि धातूचा पत्रा तर त्यांना परतवूनच लावतो. लोखंडी सळयांचा स्लॅब, जाड भिंती आणि वर पत्रे, अशा घरांत लहरींची काय दशा होत असेल, तें सांगावयास नको.

बूस्टरचे तीन अवयव असतात: बाहेरचा अँटेना, मधला वर्धक आणि आंतला अँटेना. पुष्कळांची समजूत अशी कीं, फोन या यंत्राशीं जोडावयाचा असतो. वस्तुतः फोनला त्याची ओळखहि नसते. तो बोलतो दूरच्या मनोऱ्याशींच. यंत्र मध्यें उभें राहून दोघांचा आवाज मोठा करतें. म्हणून फोन ‘जोडला जात नाहीं’ तेव्हां कारणें बहुधा तींच असतात. आपली कंपनी ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झवर बोलते आणि यंत्र भलत्याच पट्ट्यावर काम करतें. बाहेरच्या अँटेनाची दिशा चुकलेली असते. अथवा दोन्ही अँटेने इतके जवळ असतात कीं, यंत्र शीळ घालूं लागतें. ती शीळ आपल्या कानास ऐकूं येत नाहीं. ती मनोऱ्यास ऐकूं जाते, आणि साऱ्या आळीचें बोलणें बिघडतें.

म्हणूनच ही बाब खाजगी राहत नाहीं. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांनीं या लहरींवरील ताबा सरकारकडे ठेवला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें त्यांची जागा घेण्यास आरंभ केला, तरी परवानगीचें तत्त्व कायम आहे. परवानाधारक कंपनीखेरीज इतरांनीं बूस्टर बाळगणें, विकणें वा वापरणें बेकायदेशीर आहे, असें दूरसंचार विभागानें २०२२ मध्यें स्पष्ट केलें. विहीर आपल्या परसांत खणली तरी तळचा झरा गांवाचा असतो. आकाशाचेंहि तसेंच आहे. ज्या घरीं ब्रॉडबँड आहे, त्यांना २०१९ च्या अखेरीपासून वायफायवरून बोलण्याचा निर्दोष मार्ग खुला झाला आहे. इतरांनीं कंपनीकडे लेखी तक्रार करून दाद मागावी.

पण शहरवासीयांची अडचण भिंतीची आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कित्येक गांवांची अडचण डोंगराची आहे. तेथें बूस्टर फुकट दिला तरी व्यर्थ, कारण तो असलेल्या आवाजास वाढवितो, नसलेला उत्पन्न करूं शकत नाहीं. शून्यास कितीहि पटींनीं गुणा, उत्तर शून्यच! अडलेल्या बाळंतिणीसाठीं १०८ क्रमांकावर गाडी बोलवावयाची, आणि त्याकरितां कोणीतरी टेकडी चढावयाची, हा प्रसंग घरांतल्या तुटक्या बोलण्याहून फार निराळा आहे. देशांतील अशा २४,६८० गांवांसाठीं केंद्र सरकारनें जुलै १९२२ नव्हे, २०२२ मध्यें २६,३१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. शंभर वर्षांचा हा फरक मुद्दामच कानावर घालतों, कारण तार वऱ्हाडांत येऊन तेव्हांहि अर्धें शतक उलटलें होतें.

तार कापसाच्या मागें गेली, यांत नवल नव्हतें. ती व्यापाऱ्यांच्या गरजेनें आली होती. आजचा मनोरा केवळ गिऱ्हाइकांच्या संख्येमागें जाणार कीं माणसाच्या निकडीमागें, हा खरा प्रश्न आहे. आपल्या खोलींतला आवाज स्वच्छ व्हावा ही इच्छा रास्तच आहे. तिच्याबरोबर मेळघाटाच्या मनोऱ्याचीहि मागणी आपण करूं, तर ती अधिक शोभेल.