दहा परवाने, वीस संगणक

रत्नागिरीच्या मांडवीवर संध्याकाळी फिरताना तिथल्या एका शिक्षकांनी आम्हांला एक प्रश्न विचारला. त्यांच्या प्रयोगशाळेत वीस संगणक आहेत. आरेखनाच्या सॉफ्टवेअरचे दहा ‘फ्लोटिंग’ परवाने त्यांनी घेतले होते. वीस संगणकांना तेवढे पुरतात, असे विक्रेत्याने सांगितले होते. पहिल्याच प्रात्यक्षिकाला दहा मुलांचे काम सुरू झाले आणि उरलेल्या दहांच्या पडद्यावर ‘परवाना उपलब्ध नाही’ असा संदेश आला. विक्रेता खोटे बोलला का? तसे म्हणता येत नाही. पण उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

आम्ही उभे होतो त्या जागेचे नावच मदतीला आले. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. मूळ संस्कृत शब्द मंडपिका. सोळाव्या शतकात या समुद्रात व्यापार करणाऱ्या जहाजांना पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ घ्यावा लागे. जहाज कोणते, नाखुदा कोण, माणसे व हत्यारे किती, जाणार कुठे, हे सारे त्यात लिहिलेले असे. पुढे अठराव्या शतकात कान्होजी आंग्रे यांनीही आपली दस्तके दिली. कार्ताझ ज्या जहाजाचा त्याच जहाजाचा. संगणकाच्या भाषेत हा ‘नोड-लॉक्ड’ परवाना झाला. आता समजा, एका व्यापाऱ्याची वीस गलबते आहेत, पण एका वेळी समुद्रात दहाच असतात. त्याने दहा परवाने घेऊन मांडवीवरच्या कारकुनाकडे ठेवले; निघेल त्याने एक न्यायचा, परतल्यावर जमा करायचा. हा झाला ‘फ्लोटिंग’ परवाना. (पोर्तुगीजांनी अशी सवलत दिली असती, असे मात्र नव्हे!)

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा देशी संगणक कामाला लागला, तेव्हा त्यासाठीच्या आज्ञावली तिथल्याच मंडळींनी लिहिल्या. परदेशी यंत्रांबरोबर आज्ञावली येत, पण त्यांची किंमत यंत्रातच धरलेली असे. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने सॉफ्टवेअर व सेवा यांचे पैसे वेगळे आकारण्याचे जाहीर केले. आज्ञावली विकाऊ वस्तू झाली आणि पेच उभा राहिला. लोखंडी यंत्राची नक्कल घरी करता येत नाही, आज्ञावलीची क्षणात होते. मग तिला बांधायचे कशाला? तर यंत्राला. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा क्रमांक मिळतो. त्यातले पहिले २४ बिट उत्पादकाची ओळख सांगतात. आज्ञावली सुरू होताच हा क्रमांक वाचते आणि परवान्याच्या फाइलमधल्या क्रमांकाशी ताडून पाहते. फाइल साधी, वाचता येण्याजोगी असते. पण शेवटी त्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक खूण असते. मजकुरातला एक आकडा बदला, खूण जुळत नाही.

आपल्याकडे १९९०च्या दशकात मराठी अक्षरजुळणी करणाऱ्यांना दुसरा प्रकार अधिक परिचित होता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरबरोबर संगणकाच्या पाठीमागे लावायचे ‘लॉक’ येई. लॉक असेल तर सॉफ्टवेअर चालणार. गंमत अशी, की लॉक एक आणि संगणक तीन असतील, तर ते या यंत्रावरून त्या यंत्रावर नेता येते. हा हाताने चालवलेला फ्लोटिंग परवानाच म्हणायचा.

खऱ्या फ्लोटिंग परवान्यात हे काम सर्व्हर करतो. १९८८ साली आलेल्या फ्लेक्सएलएम या प्रणालीने ही पद्धत रुळवली. आज्ञावली नेटवर्कवरून सर्व्हरकडे परवाना मागते. सर्व्हर एक देतो आणि शिल्लक मोजतो. मात्र सर्व्हर स्वतः आपल्या क्रमांकाला बांधलेला असतो, हे विसरू नये. आमच्या संस्थेत एका पावसाळ्यात वीज पडून सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. नवा बसवला, क्रमांक बदलला आणि पैसे भरलेले सगळे परवाने निरुपयोगी झाले. नवी फाइल येईपर्यंत चार दिवस आम्ही हात बांधून बसलो. आमच्याकडे जुन्या क्रमांकाची नोंदसुद्धा नव्हती, त्यामुळे पत्रव्यवहार वाढला. तीन सर्व्हरची जोडणी करता येते. त्यांतले दोन चालू असले तरी भागते. आम्ही ती केलेली नव्हती.

आता त्या शिक्षकांचे दहा परवाने. वीस जण स्वतंत्रपणे काम करतात आणि प्रत्येक जण कामाच्या वेळेपैकी एकचतुर्थांश वेळ ही आज्ञावली वापरतो, असे धरा. सरासरी पाच परवाने लागतील. बारावीच्या द्विपद वितरणाने हिशेब केला, तर आठांपेक्षा जास्त जण एकाच वेळी येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के निघते आणि दहांपेक्षा जास्त येण्याची ०.४ टक्के. डेन्मार्कच्या एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी टेलिफोनच्या तारा किती लागतील, हे अशाच विचाराने काढले होते. विक्रेत्याचा हिशेब इथून आला. संशोधन संस्थेत तो चालतो, कारण कोण केव्हा बसेल याचा नेम नसतो. शाळा-महाविद्यालयात घंटा होते! घंटा झाली की वीसही मुले एकाच क्षणी परवाना मागतात आणि ‘स्वतंत्रपणे’ हा शब्दच गळून पडतो. तिथे सरासरीला काही अर्थ उरत नाही.

कुलूप तोडलेली प्रत आणण्याचा सल्लाही त्यांना कोणीतरी दिला होता. प्रताधिकार कायद्यात १९९४ साली झालेल्या आणि १० मे १९९५ पासून लागू असलेल्या दुरुस्तीने, अशी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाही गुन्हा ठरतो. निदान सात दिवसांची कैद त्यात सांगितली आहे. आम्ही दोन मार्ग सुचवले. एक, दहा-दहा मुलांच्या दोन तुकड्या. दुसरा, जिथे जमेल तिथे मुक्त सॉफ्टवेअर. मुंबईच्या आयआयटीचा ‘फॉसी’ प्रकल्प सायलॅबसारख्या आज्ञावली महाविद्यालयांत नेण्याचे काम करतो, आणि तिथे परवाने मोजणारा कारकूनच नसतो. शिक्षकांनी पहिला मार्ग त्याच सत्रात घेतला. त्यासाठी वेळापत्रकात बुधवारचा एक तास भूगोलाकडून मागून घ्यावा लागला.