गॅसला वास कसा आला

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज गॅसची शेगडी आहे. नळी सैल झाली किंवा बटण नीट बंद झाले नाही, की पलीकडच्या खोलीत जप करीत बसलेल्या आजीलादेखील वास येतो आणि ती तिथूनच ओरडते, "अगं, गॅस बघ आधी!" त्या आजीला कोणी परिपत्रक धाडलेले नसते. तिला अक्षरओळख नसली तरी अडत नाही. आता गंमत अशी की हा वास गॅसचा नव्हेच. शुद्ध गॅसला वास जवळजवळ नसतो. इथाइल मर्केप्टन नावाचे एक गंधकयुक्त द्रव्य त्यात मुद्दाम, अगदी अल्प प्रमाणात मिसळलेले असते. असे मिसळणे कायद्याने सक्तीचे होण्यामागे एका शाळेची कथा आहे, आणि आज मी ती सांगणार आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. आठवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. तेव्हा ही कथा मी कामगाराच्या बाजूने वाचलेली आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या पूर्व भागात रस्क परगणा आहे. १९३० साली तिथे जमिनीखाली खनिज तेलाचा अफाट साठा सापडला. सारा देश मंदीत होरपळत असताना या मुलखात मात्र पैसा वाहू लागला आणि पोटासाठी भटकणारे हजारो कामगार बायकामुलांसह तिथे येऊन राहिले. अमेरिकेत शाळा चालवते ती स्थानिक लोकांनी निवडून दिलेली एक स्वतंत्र संस्था. तिला शाळा-जिल्हा म्हणतात, आणि कर बसवण्याचा अधिकार तिला असतो. आपल्याकडे पूर्वी नगरपालिकांची शिक्षण मंडळे असत, त्यांची मोठी बहीण समजा. तेलविहिरींवरच्या करामुळे न्यू लंडन या गावाचा शाळा-जिल्हा देशातल्या सर्वांत श्रीमंत शाळा-जिल्ह्यांत गणला जाऊ लागला. सुमारे दहा लाख डॉलर खर्चून त्यांनी पोलाद आणि काँक्रीटची भव्य शाळा उभी केली. फुटबॉलच्या मैदानावर विजेचे दिवे आले.

इमारत उताराच्या जागेवर होती. त्यामुळे तिच्या खाली एक लांबच लांब बंदिस्त पोकळी राहून गेली. वास्तुशिल्पकाच्या मूळ आराखड्यात बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांनी वर्ग उबदार ठेवण्याची योजना होती. मंडळाने ती बदलून इमारतभर ७२ गॅसच्या शेगड्या बसवल्या. पुढे १९३७ च्या आरंभी मंडळाने विकतच्या गॅसचा करारही रद्द केला, आणि शेजारून जाणाऱ्या एका गॅसोलीन कंपनीच्या नळाला जोड देऊन तिथला उरलेला गॅस शाळेत घेतला. हा गॅस म्हणजे तेल काढताना निघणारा टाकाऊ माल. कंपन्या तो जाळूनच टाकीत, म्हणून कोणी नळ जोडला तर तिकडे काणाडोळा करीत. आसपासच्या घरांतही सर्रास तोच जळत असे. बचत किती? महिन्याला अडीचशे-तीनशे डॉलर.

इथे मला थोडे थांबायचे आहे. मंडळातली माणसे दुष्ट होती असे मी मुळीच म्हणत नाही. जे घरोघरी चालले होते तेच त्यांनी शाळेत केले. शाळा आणि घर यांच्यात बोलण्याची सोय नव्हती असेही नाही. पालक-शिक्षक संघ होता आणि त्याच्या सभा भरत. परंतु वर्गाखालून कोणता गॅस जातो, जोड कोणी दिला, कोणी तपासला, हे पालकांपुढे ठेवण्याची सक्ती मंडळावर कोणत्याही कायद्याने नव्हती. आता हे पालक कोण? तेलविहिरींवरचे कामगार. गॅस म्हणजे काय हे त्यांच्याइतके त्या गावात कोणाला कळत होते? विषय सभेत निघाला असता तर बहुतेकांनी माना डोलावल्या असत्या, "आमच्याही घरी तोच आहे" म्हटले असते, हे मला मान्य आहे. पण मी आयुष्यभर सभा घेतल्या आहेत. शंभर माणसांत एक तरी खोचक माणूस असतोच, जो मागच्या रांगेतून उठतो आणि विचारतो, "साहेब, घराला खिडक्या असतात, आणि शाळेखालच्या पोकळीला काय आहे?"

पुढे मुलांची डोकी दुखू लागली. तशा तक्रारी काही दिवस चालू होत्या, पण त्यांकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. शाळेने पालकांना काय कळवले हा प्रश्न नेहमी विचारला जातो. मुलांच्या डोकेदुखीतून शाळेला जे कळवले जात होते ते कोणी वाचले, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. एका रसायनाच्या कारखान्यात आमची युनियन होती. भरणी खात्यातले कामगार पाळी संपताना डोके दुखते म्हणत. साहेब म्हणे, रात्री जागता, चहा जास्त पिता. युनियनच्या पोरांनाही सुरुवातीला ते कामचुकारांचे बहाणे वाटले. त्यांत मीही होतो, हे कबूल करतो. पुढे दोघे जण यंत्रापाशीच चक्कर येऊन पडले. आम्ही जाब विचारायला गेलो, तेव्हा व्यवस्थापकांनी शांतपणे फाटकाजवळच्या फळ्याकडे बोट दाखवले. नव्या द्रव्याविषयीची सूचना तिथे तीन महिने लावलेली होती, इंग्रजीत. कायद्याच्या दृष्टीने त्यांनी कळवले होते.

न्यू लंडनला १८ मार्च १९३७, गुरुवार. लहान वर्ग आधी सुटले होते; पाचवी ते अकरावीची सुमारे ५०० मुले आणि ४० शिक्षक इमारतीत होते. पलीकडच्या व्यायामशाळेत पालक-शिक्षक संघाची सभा चालू होती. दुपारी ३ वाजून १७ मिनिटांनी सुतारकामाच्या वर्गातल्या शिक्षकांनी लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र चालू केले. त्याची ठिणगी पुरली. खालची पोकळी गॅसने भरलेली होती, आणि ते कोणालाच ठाऊक नव्हते, कारण वास नव्हता. इमारत पायापासून उचलली गेली आणि खाली कोसळली. काँक्रीटचा एक प्रचंड तुकडा दोनशे फुटांवर उभ्या असलेल्या मोटारीवर जाऊन पडला.

सभेला आलेल्या आया धावत बाहेर आल्या. तेलविहिरींवरची कामे थांबली आणि कामगार आपली अवजड यंत्रे घेऊन शाळेवर आले. पाऊस पडत होता. फळे भरण्याच्या टोपल्यांनी त्यांनी ढिगारा उपसला. रात्रभर खपून सुमारे १७ तासांत जागा मोकळी केली. उपसणाऱ्यांत कितीतरी जण आपलेच मूल शोधीत होते. जवळच्या टायलर शहरात एका नव्या रुग्णालयाचे उद्घाटन दुसऱ्या दिवशी व्हायचे होते; समारंभ रद्द करून त्याची दारे त्याच दिवशी उघडली. मृतांचा आकडा २९५ च्या आसपास धरतात. फिरत्या कामगारांची कित्येक कुटुंबे आपल्या मुलाचा देह घेऊन दूरच्या मूळ गावी निघून गेली.

चौकशी झाली. शाळा-जिल्ह्याचे अधीक्षक शॉ यांचा स्वतःचा मुलगा त्या ढिगाऱ्यात गेला होता. लोकांचा संताप इतका अनावर झाला होता की त्यांना पदावरून जावे लागले. पालकांनी शाळा-जिल्ह्यावर आणि कंपनीवर खटले भरले, ते पुराव्याअभावी निकालात निघाले. दोषी कोणीच ठरला नाही.

मात्र काही आठवड्यांतच टेक्सासच्या विधिमंडळाने गॅसला वास आणण्याची सक्ती करणारा कायदा केला, आणि हा प्रघात पुढे जगभर पसरला. त्याच वर्षी त्या राज्यात अभियंत्यांच्या नोंदणीचाही कायदा झाला. गॅसला वास देण्याची युक्ती तेव्हा नवी नव्हती, हे लक्षात ठेवा. जर्मनीत १८८० च्या दशकातच ती करून पाहिलेली होती. म्हणजे विद्या पन्नास वर्षे पडून होती. मला या वासाचे फार कौतुक वाटते ते यासाठी की तो मालकाला विचारून येत नाही. फळ्यावरची सूचना इंग्रजीत लावता येते. वासाला भाषांतर लागत नाही. तो अधीक्षकाला आणि पहिलीतल्या पोराला एकाच वेळी पोहोचतो.

परंतु सगळ्याच धोक्यांना वास देता येत नाही. छताच्या पत्र्यातले ॲस्बेस्टॉस दिसत नाही, शिकवणारे मास्तर त्या विषयाचे नाहीत हे घरी बसून कळत नाही. म्हणून पुढे अमेरिकेत कळवण्याचीच सक्ती झाली. १९८६ च्या कायद्याने प्रत्येक शाळा-जिल्ह्याला इमारतींतले ॲस्बेस्टॉस तपासणे आणि त्याविषयी पालकांना दरवर्षी कळवणे भाग पडले. २००२ साली अमलात आलेल्या शिक्षण कायद्याने, पुरेशी पात्रता नसलेला शिक्षक चार आठवडे वा अधिक काळ शिकवीत असेल तर तसे घरी कळवणे बंधनकारक केले. आपल्याकडे तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला आग लागून ९४ मुले गेली. छप्पर गवताचे होते, आणि ते पालकांना रस्त्यावरून दिसत होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित व सरकारी शाळांत व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या. मी अशा एका समितीच्या बैठकीला पालक म्हणून बसलो आहे. सह्यांचे पुस्तक आधी फिरते, विषयपत्रिका मागून.

न्यू लंडनमध्ये दहा दिवसांनी तंबूंत आणि व्यायामशाळेत वर्ग पुन्हा भरले. १९३९ साली नवी शाळा झाली आणि तिच्यासमोर दगडी स्मारक उभे राहिले. गावात मात्र कोणी त्या दिवसाविषयी बोलत नसे. वाचलेल्या मुलांनी आपल्या मुलांनाही काही सांगितले नाही. त्यांचे पहिले संमेलन भरले ते १९७७ साली, चाळीस वर्षांनी.