एका बाकावर बसण्याचा गुन्हा : बेरिया कॉलेजची गोष्ट

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या विधिमंडळाने १९०४ साली एक कायदा मंजूर केला. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकाच संस्थेत एकत्र शिकवणे या कायद्याने गुन्हा ठरले. अशा संस्थेला एक हजार डॉलर दंड, तिथे शिकवणाऱ्यालाही दंड आणि वर्गात जाऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याला दिवसाला पन्नास डॉलर दंड! कायद्याचा मसुदा आणणाऱ्या आमदाराचे नाव कार्ल डे, म्हणून तो ‘डे लॉ’ या नावाने ओळखला जातो.

कायदा साऱ्या राज्याला लागू होता. पण केंटकीच्या सरकारी शाळांत दोन्ही वर्णांची मुले आधीपासूनच वेगवेगळी बसत होती. दोघांना एकत्र शिकवणारे कॉलेज राज्यात एकच उरले होते. ते म्हणजे डोंगरपायथ्याच्या एका गावातले बेरिया कॉलेज. त्या लहानशा कॉलेजची राज्यकर्त्यांना एवढी भीती का वाटावी? तिथली मुले रोज कशी राहत होती, हे पाहिले की याचे उत्तर सापडते.

गुलाममालकाचा मुलगा

बेरियाचा संस्थापक जॉन फी हा १८१६ साली केंटकीतच जन्मलेला. त्याच्या वडिलांकडे गुलाम होते. धर्मशास्त्राचे शिक्षण घेताना फीची खात्री पटली, की माणसाला विकत घेणे आणि ईश्वराची भक्ती करणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. हे तो उघड बोलू लागला, तेव्हा वडिलांनी त्याला वारसाहक्कातून बेदखल केले.

कॅशियस क्ले या गुलामगिरीविरोधी जमीनदाराने दिलेल्या जागेवर फीने वस्ती केली. १८५५ साली तिथे एका खोलीची शाळा सुरू झाली. सगळी माणसे एकाच रक्ताची आहेत, अशा अर्थाचे बायबलमधले वचन या संस्थेचे ब्रीद झाले.

ब्रीद लिहिणे सोपे असते, पाळणे कठीण. १८५९ मध्ये जॉन ब्राउनने हार्पर्स फेरी इथल्या शस्त्रागारावर हल्ला केला आणि सारा दक्षिण प्रदेश हादरला. त्याच डिसेंबरात घोड्यावरून आलेल्या हत्यारबंद गुलाममालकांनी फी आणि त्याच्या सहकाऱ्यांना दहा दिवसांत राज्य सोडायला सांगितले. कुटुंबकबिल्यासह त्यांना निघावे लागले. यादवी युद्धाच्या काळात फी कॅम्प नेल्सन या लष्करी छावणीत कृष्णवर्णीय सैनिकांना आणि त्यांच्या बायकामुलांना शिकवत राहिला. युद्ध संपल्यावर तो बेरियाला परतला, तेव्हा छावणीतले अनेक जण त्याच्या मागोमाग आले.

पहिले वर्ष, पहिला बाक

१८६६ साली कृष्णवर्णीय मुले पहिल्यांदा वर्गात आली, तेव्हा काही गोरी मुले दप्तर उचलून निघून गेली. फीने त्यांच्यासाठी वेगळा वर्ग काढला नाही. शाळा तशीच चालू राहिली. त्या वर्षीच्या नोंदीत १८७ विद्यार्थी आहेत : ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे.

हे विद्यार्थी कोण होते? अँगस बर्ली हा त्यांतला एक. गुलामीतून पळून तो कॅम्प नेल्सनला पोहोचला, सैन्यात भरती झाला, सार्जंट झाला. फीने त्याला बेरियाला यायला सांगितले. बंदूक खाली ठेवून तो बाकावर बसला आणि १८७५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच्या शेजारच्या बाकांवर डोंगराळ भागातल्या गरीब शेतकऱ्यांची गोरी मुले होती. एकाला काल-परवापर्यंत शिकायची बंदी होती, दुसऱ्याच्या गावात शाळाच नव्हती.

कॉलेज म्हटले तरी बहुतेक विद्यार्थी खालच्या वर्गांत असत. कुणी अक्षरे गिरवत होते, कुणी शिक्षक होण्यासाठी शिकत होते आणि थोडेसे लॅटिन, ग्रीक, गणित घेऊन पदवीपर्यंत पोहोचत. पहिल्या पदव्या १८७३ साली दिल्या गेल्या. पैसा कुणाकडेच नव्हता, म्हणून शिकता शिकता काम करणे हा दिनक्रमाचा भाग होता. वर्ग, प्रार्थनासभा, जेवणाचे टेबल, काम हे सगळे एकत्रच होते. १८७० च्या सुमारास ज्युलिया ब्रिटन ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी तिथे संगीत शिकवू लागली आणि गोरी मुले तिच्याकडे धडे घ्यायला बसू लागली. त्या काळच्या दक्षिण प्रदेशात ही कल्पनेपलीकडची गोष्ट होती.

कार्ल डे आणि त्याच्या समर्थकांना खुपत होते ते हेच. कृष्णवर्णीयांनी वेगळ्या शाळेत चार अक्षरे शिकावीत, याला फारशी कुणाची हरकत नव्हती. पण ज्याच्याबरोबर जेवलो, ज्याच्याकडून सूर शिकलो, त्याला पुढे आयुष्यभर हलके कसे मानायचे? वर्णभेदाची सारी इमारत ‘हे लोक एकत्र राहूच शकत नाहीत’ या एका विधानावर उभी होती. बेरियातली मुले ते विधान रोज खोटे पाडत होती, तेही कुठलेही भाषण न करता.

आतून आणि बाहेरून

मात्र सगळा दोष बाहेरच्यांवर टाकला तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखे होईल. १८९२ मध्ये विल्यम फ्रॉस्ट अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात कॉलेजने शिक्षण शुल्क घेणे बंद केले, हे त्यांचे मोठे काम. पण त्यांचे लक्ष डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्यांकडे वळले. देणग्याही त्यांच्याच नावाने मागितल्या जाऊ लागल्या. गोऱ्या मुलांची संख्या झपाट्याने वाढली आणि कृष्णवर्णीय मुले लहानसा अल्पसंख्य गट होऊन बसली. जुन्या कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांना हा बदल दिसत होता आणि त्यांनी त्यावर नाराजीही नोंदवली.

याच शेवटच्या वर्षांत कार्टर वुडसन तिथे शिकत होता. आईवडील पूर्वी गुलाम, स्वतः कोळशाच्या खाणीत काम केलेला. १९०३ मध्ये त्याने बेरियाची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी त्याच्यासारख्यांना त्या कॉलेजचे दार बंद झाले. याच वुडसनने १९२६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज अमेरिकेत फेब्रुवारी महिनाभर तो पाळला जातो.

कायदा झाल्यावर कॉलेज न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयांत हरले, दंड झाला, आणि १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही सात विरुद्ध दोन मतांनी हरले. बहुमताचा युक्तिवाद तांत्रिक होता : कॉलेज ही राज्याने नोंदवलेली संस्था आहे, तेव्हा तिच्या सनदेवर राज्य अटी घालू शकते. माणसांच्या हक्काचा प्रश्न असा नोंदणीच्या कागदात गुंडाळून ठेवला गेला. विरोधी निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हार्लन स्वतः केंटकीचे आणि गुलाममालक घराण्यातले होते. त्यांनी विचारले, की उद्या राज्य चर्चमध्येही दोन वर्णांच्या लोकांना एकत्र बसू देणार नाही काय?

तोवर कृष्णवर्णीय मुले गेलेली होती. फिस्क, हॅम्प्टन अशा कृष्णवर्णीयांच्या संस्थांत त्यांनी जावे म्हणून बेरियाने खर्च दिला. पुढे निधी उभारून त्यांच्यासाठी लिंकन इन्स्टिट्यूट काढली, ती १९१२ मध्ये सुरू झाली. हे सगळे खरे. पण जुनी इमारत, ग्रंथालय, आवार गोऱ्यांकडे राहिले आणि बाहेर पडावे लागले ते कृष्णवर्णीयांना, हेही तितकेच खरे. फाळणी कुठलीही असो, सामान बांधायची पाळी बहुधा दुबळ्यावरच येते.

१९५० मध्ये कायदा सैल झाला आणि बेरियाने पुन्हा दार उघडले. १९५४ साली जेसी रीझर झँडर या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने तिथली पदवी घेतली. मधे पन्नास वर्षे गेली होती. १९६५ मध्ये अलाबामात मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात बेरियाचे विद्यार्थी आणि शिक्षक सामील झाले. आजही तिथे शिक्षण शुल्क नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावे लागते. कुणी ग्रंथालयात, कुणी शेतावर, कुणी हातमागावर, तर कुणी कॉलेजच्या हॉटेलात.

आपल्याकडे

हा इतिहास मराठी वाचकाला परका वाटायचे कारण नाही. बेरियाने पहिल्या पदव्या दिल्या त्याच १८७३ साली जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. जोतीरावांना त्या लढ्याशी आपले नाते दिसले होते.

पुढे राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंगे काढायला मदत केली. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी स्वतः घेतले. ज्या मुलांना शहरात कुणी खोली देत नव्हते, त्यांना आधी छप्पर हवे होते. ती त्या वेळची गरज होती. त्यानंतरचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकले. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकच वसतिगृह सुरू केले. स्वयंपाक, झाडलोट, शेतीचे काम मुलांनीच करायचे आणि एका पंगतीला जेवायचे. १९२७ साली महात्मा गांधी तिथे येऊन गेले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यातूनच रुजली. बेरिया आणि सातारा यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. तरी दोघांना एकच गोष्ट कळली होती, की माणसामाणसातले अंतर पाठ्यपुस्तकातल्या धड्याने कमी होत नाही. त्यासाठी एकत्र भांडी घासावी लागतात.

आज आपल्याकडे ‘डे लॉ’ नाही. राज्यघटनेने तो होऊ दिलेला नाही. पण वस्त्या वेगळ्या होत आहेत आणि वस्त्यांमागून शाळा. बारावीपर्यंत शिकूनही एकही हिंदू मित्र नसलेली मुस्लिम मुले आणि एकही मुस्लिम मित्र नसलेली हिंदू मुले मला भेटतात. दंडाचा कायदा नसताना हे घडते आहे, म्हणून ते कुठल्या न्यायालयात आव्हान देण्याजोगेही नाही.

समाजात शिक्षणाची आस्था वाढते आहे, नव्या संस्था निघत आहेत, ही आनंदाची बाब आहे. संस्था आपली असावी, यात गैर काही नाही. शाहूंच्या काळी ती निकडच होती. फक्त त्या संस्थेच्या बाकावर दुसऱ्याचे मूल बसते आहे का, आणि दुसऱ्याच्या संस्थेत आपल्या मुलाला बाक मिळतो आहे का, हे दोन प्रश्न प्रत्येक पालकाने, प्रत्येक संस्थाचालकाने विचारायला हवेत. निकालाची टक्केवारी आपण दर जूनमध्ये विचारतोच. त्याच वेळी वसतिगृहात कोण कोण राहते आणि मेसमध्ये कोण कुणाबरोबर जेवते, हेही विचारून पाहा.