दांडिया बाजारातली लक्ष्मी आणि ‘वर्णनाप्रमाणे नाही’



बडोद्याच्या वाड्यांबद्दल, गणपतींबद्दल इथे पुष्कळ जणांनी लिहिलंय. आज मी माझ्या एका चुकीबद्दल लिहिते. त्या चुकीमुळेच घरातल्या एका चित्राचा इतिहास मला पहिल्यांदा नीट कळला.

दांडिया बाजारातला आमचा वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं. चार पिढ्यांचं सामान फ्लॅटमध्ये कुठे मावणार? घंगाळ, पराती, समया, तसबिरी. लेक म्हणाली, “आई, ऑनलाइन विकू. फोटो काढ, चार ओळी लिही, झालं.” त्या चार ओळीच पुढे महागात पडल्या.

माजघरात लक्ष्मीची मोठी तसबीर होती. कमळावर उभी, मागे हत्ती, अंगावर जरी आणि मणी चिकटवलेले. सासऱ्यांचे आजोबा सरकारच्या खासगी खात्यात कारकून होते आणि हे चित्र त्यांना महाराजांनी दिलं, असं लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले. मी लिहिलं: ‘राजा रविवर्मा यांचं मूळ चित्र, बडोदा राजघराण्याकडून भेट, साल १८९०.’ बावीस हजारांना कोल्हापूरच्या एका तरुणाने घेतलं.

आठव्या दिवशी तक्रार आली: ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही.’ संकेतस्थळाने पैसे अडकवून ठेवले. त्याने काच बदलायला फ्रेम उघडली होती. पुठ्ठ्याच्या कडेखाली, चित्राच्या तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरांत छापलं होतं: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

धाकटे भाऊजी भडकलेच. “वहिनी, नमतं घेऊ नका. त्याने चित्र बदललं असेल. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे.” मलाही राग आला होता. पण पाठवण्याआधीचे फोटो माझ्याकडे होते. हत्तीच्या सोंडेजवळचा ओलीचा डाग, मुकुटावरचे गळालेले तीन मणी, सगळं त्याच्या फोटोशी जुळलं. चित्र आमचंच होतं. मग चूक कुठे होती?

रविवर्मा बडोद्याला आले ते १८८१ च्या अखेरीस. सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास. दिवाण होते सर टी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्रावणकोरचे दिवाण असल्यापासून ते रविवर्म्यांना ओळखत होते. पुढे महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. ती १८९० च्या सुमारास पुरी झाली आणि लोकांना दाखवली, तेव्हा बघायला झुंबड उडाली. तैलचित्र परवडणारी माणसं थोडी, पण देव प्रत्येकाला हवा. चित्रांच्या छापील प्रती काढून त्या घराघरांत जाव्यात, हे माधवरावांनी रविवर्म्यांना आधीच सुचवलं होतं.

छापखाना मात्र सुरू झाला १८९४ मध्ये, मुंबईला, गिरगावात. तंत्रज्ञ जर्मन होते. १८९९ च्या सुमारास तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रविवर्म्यांना त्यात खोट आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. रविवर्मे १९०६ मध्ये गेले, पण छापखाना पुढे कित्येक दशकं चालला. १९७२ मध्ये तो आगीत जळाला.

आता हिशेब करा. छापखाना १८९४ चा, लोणावळ्याकडे गेला १८९९ ला, आणि मी लिहिलं होतं १८९०! फ्रेमवरची एक ओळ आणि दोन सनावळ्या. भांडायला जागाच नव्हती.

या छापील चित्रांना ओलिओग्राफ म्हणतात. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, एकावर एक ठसे घेत चित्र उभं करायचं. वर वार्निश आणि कधी कॅनव्हाससारखी खरखर, म्हणजे लांबून तैलचित्रच वाटावं. ओळखायचं असेल तर भिंग घ्या. जुन्या शिळाछापात ठिपके ओबडधोबड, हाताने टाकल्यासारखे दिसतात. आजकालच्या छपाईत ते जाळीसारखे, एका मापाचे असतात. भिंगाने पाहिलं तर आमचं चित्र अस्सल जुनं ठरलं. पण हे सगळं मी विकण्याआधी बघायला हवं होतं.

वर्णन करून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, हे १९३० च्या माल विक्री कायद्याच्या पंधराव्या कलमात लिहिलेलं आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत नियमित धंदा करणाऱ्यांवर आणखी स्पष्ट बंधन आहे: जाहिरातीत सांगितलं तसं नसेल, तर माल परत घ्यायला नकार देता येत नाही. मी घरातलं सामान विकणारी बाई, ते नियम मला लागू नसतील. पण ‘मूळ’ हा शब्द मी लिहिला होता, आणि त्याच शब्दाला त्याने बावीस हजार मोजले होते.

मी त्या मुलाला कळवलं: ‘साल आणि मूळ चित्राचा दावा, दोन्ही माझ्या चुका. चित्र परत पाठवा, येण्याजाण्याचा खर्च माझा, पूर्ण पैसे परत. किंवा ठेवा, आणि जुन्या रविवर्मा प्रेसच्या चित्राची रास्त किंमत आपण दोघं ठरवू.’ आतापर्यंत तो कोरड्या इंग्रजीत लिहीत होता. आता मराठीत उत्तर आलं: ‘काकू, चित्र आवडलंय. ठेवतो.’ नऊ हजारांवर ठरलं. तेरा हजार परत गेले. भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत.

त्या रात्री आतेसासूबाईंना फोन केला. वय नव्वद, स्मरण लख्ख. सगळं ऐकून म्हणाल्या, “अगं, महाराजांनी कशाला दिलंय? ती लक्ष्मी आईने रावपुऱ्यातून आणली, दिवाळीच्या ओवाळणीच्या पैशांतून. जरी तिच्या लग्नातल्या फाटक्या शालूची. दुपारी ओटल्यावर बसून चिकटवायची, मी मणी निवडून द्यायची.”

मी गप्पच झाले. पूर्वी कितीतरी घरांत या छापील देवांना जरी-टिकल्यांनी असं नटवायचे. आमच्या घरातही हात लागला होता तो आजेसासूबाईंचा. त्या गेल्यावर कधीतरी ते चित्र महाराजांचं झालं. घरात बायकांनी स्वतःच्या पैशाने आणलेल्या वस्तू अशाच कुणाकुणाच्या नावावर चढतात. मी वर्णनात जरीचा उल्लेखसुद्धा केला नव्हता.

चित्र परत मागावं असं फार वाटलं. पण सौदा झाला होता, आणि त्या मुलाने सचोटीने वागून तो केला होता. आतेसासूबाईंचं बोलणं कागदावर उतरवलं, त्यांची सही घेतली आणि त्याला पाठवलं. त्याने ते फ्रेमच्या मागे लावलंय. फोटो पाठवला होता.

त्यानंतर मी प्रत्येक वस्तूचं वर्णन तीन भागांत लिहिते. मापलेलं: लांबी, वजन, चिरा, डाग. वाचलेलं: वस्तूवरचा छाप, नाव, चिठ्ठी, मागच्या बाजूच्या फोटोसकट. आणि शेवटी, वेगळ्या ओळीत: ‘घरात असं सांगतात.’ पुढे एका समईवर तक्रार आली, चीर लपवली म्हणून. वर्णनात वजन होतं, ‘खालच्या बैठकीला दोन बोटं चीर’ असंही होतं आणि त्या चिरेचा फोटोही. तेवढं दाखवलं, तक्रार फेटाळली गेली. एक शब्द जास्त बोलावं लागलं नाही.

मंडळी, तुमच्याकडेही ‘महाराजांनी दिलेलं’ काहीतरी असेलच. विकायचं असो वा नसो, फ्रेम एकदा उघडून बघा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला फोन करा. मी तो आठ दिवस उशिरा केला.